बिनतारीचे प्राध्यापक : शिशिरकुमार मित्र

तुमच्यापैकी बरेच जण नांदेडहून लातूरला एस.टी.ने गेले असतील. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे एकामागून एक मागे पडतात. शेजारच्या बाकावर कोणी चाचा मोबाइलवर बोलत असतात. गाडी धावत असते, पण बोलणे तुटत नाही. रस्त्याच्या कडेला दूरवर उभे असलेले मनोरे हे काम करतात. एक मनोरा तो फोन काही वेळ सांभाळतो आणि गाडी पुढे गेली की पुढच्या मनोऱ्याच्या हवाली करतो. हा बदल इतका झटपट होतो की चाचांना त्याचा पत्ताही लागत नाही. एकाच वेळी हजारो माणसे बोलत असताना त्यांचे आवाज एकमेकांत का मिसळत नाहीत? दोन मनोऱ्यांत किती अंतर ठेवावे? हातातल्या एवढ्याशा यंत्राला चित्रे, नकाशे, हिशेब हे सारे हवेतून कसे मिळते? या प्रश्नांची उत्तरे देणारे एक मोठे शास्त्र आहे. पदवी मिळाल्यानंतर ते अधिक खोलात शिकता येते. नांदेडला १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे लातूरला त्याचे उपकेंद्रही झाले. त्यामुळे दळणवळण आणि संगणक या विषयांच्या वरच्या वर्गांसाठी आपल्या भागातील मुलामुलींना फार लांब जावे लागत नाही.

परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी बिनतारी हा विषय एम.एस्सी.ला घ्यायचा म्हटले, तर आपल्या देशात तो शिकवणारे कोणी नव्हते. पुस्तके नव्हती, यंत्रे नव्हती, अभ्यासक्रमच नव्हता. तो अभ्यासक्रम कलकत्त्यात ज्यांनी सुरू केला, त्या डॉ. शिशिरकुमार मित्र यांची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

आधी 'बिनतारी' हा शब्द पाहा. 'बिन' आणि 'तार' हे दोन्ही शब्द तुम्हाला उर्दूमुळे माहीत आहेत. ज्याला तारेची गरज नाही, ते बिनतारी. उर्दूत यालाच 'लासिलकी' म्हणतात. त्याचाही अर्थ अगदी तोच आहे.

शिशिरकुमारांचा जन्म २४ ऑक्टोबर १८९० रोजी झाला. कलकत्त्याजवळचे, हुगळी जिल्ह्यातील कोन्नगर हे त्यांच्या घराण्याचे गाव. वडील जयकृष्ण शाळेत शिक्षक होते. आई शरत्कुमारी मात्र त्या काळच्या मानाने फारच वेगळ्या होत्या. शिशिर लहान बाळ असताना त्या कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत डॉक्टरकीचे शिक्षण घेत होत्या. विचार करा, सव्वाशे वर्षांहून जुना तो काळ! मुलींना साधी अक्षरओळख करून द्यायलाही लोक तयार नसत. अशा वेळी तीन मुलांची आई दररोज वैद्यकीय शाळेत जात होती. १८९२ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले आणि बिहारमधील भागलपूर येथे लेडी डफरिन रुग्णालयात त्यांना नोकरी मिळाली. मग जयकृष्णांनी आपली शिक्षकाची नोकरी सोडली. सारे कुटुंब भागलपूरला गेले आणि तेथील नगरपालिकेत त्यांनी कारकुनी पत्करली. पत्नीच्या नोकरीसाठी पतीने आपले काम सोडून गाव बदलावे, ही गोष्ट आजही क्वचितच दिसते.

भागलपूरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. शिशिरचे दोन्ही थोरले भाऊ आजाराने दगावले. त्या धक्क्याने वडिलांना पक्षाघात झाला. ते अंथरुणाला खिळले आणि काही वर्षांनी वारले. आता घर चालायचे ते फक्त आईच्या पगारावर. एकीकडे रुग्णालयाचे काम, दुसरीकडे घर. तरीही मुलाचे शिक्षण थांबवायचे नाही असा शरत्कुमारींचा निश्चय होता, आणि तो त्यांनी पार पाडला.

शिशिरला विज्ञानाची गोडी कशी लागली, याविषयी एक गोष्ट सांगतात. रामचंद्र चटर्जी नावाच्या एका बंगाली गृहस्थाने १८८९ साली फुग्यात बसून आकाशात उड्डाण केले होते. शिशिरने लहानपणी ती हकिकत ऐकली. माणसाला घेऊन फुगा वर कसा जातो, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. मिळतील ती विज्ञानाची पुस्तके तो वाचू लागला. पुढे ज्यांनी सारे आयुष्य आकाशाच्या वरच्या थरांचा शोध घेण्यात घालवले, त्यांची सुरुवात एका फुग्यापासून व्हावी ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

भागलपूरला शाळा आणि कॉलेजची पहिली परीक्षा झाल्यावर शिशिरकुमार कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू होते. १९१२ साली भौतिकशास्त्र घेऊन ते एम.एस्सी.ला पहिले आले. काही दिवस त्यांनी बोस यांच्या प्रयोगशाळेत कामही केले.

येथे थोडे थांबून बोस यांच्याविषयी सांगितले पाहिजे. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर एक प्रयोग केला होता. एका खोलीत यंत्र ठेवून त्यांनी विद्युत लहरी सोडल्या. त्या लहरी भिंतीतून पार गेल्या आणि पलीकडे ठेवलेली घंटा वाजली, बंदुकीची दारूही पेटली. मध्ये तार नव्हती. त्यांनी वापरलेल्या काही लहरींची लांबी केवळ काही मिलिमीटर होती. मोबाइलच्या पाचव्या पिढीत ज्यांना मिलिमीटर लहरी म्हणतात, त्यांच्या जवळपासच्याच त्या लहरी. पण पुढे बोस वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. त्यांचे प्रयोग जगाने वाखाणले, परंतु ते विद्यार्थ्यांच्या वर्गात पोचले नाहीत. शोध लागतो तेव्हा टाळ्या वाजतात. त्यानंतर तो दरवर्षी नव्या मुलांना शिकवावा लागतो, त्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे मला हे जास्त जाणवत असेल!

घरच्या जबाबदारीमुळे शिशिरकुमारांना लवकर नोकरी धरावी लागली. आधी भागलपूर आणि नंतर बांकुरा येथील कॉलेजांत ते शिकवू लागले. तेथे संशोधनाला साधने नव्हती. मग त्यांनी वर्गात दाखवायची यंत्रे स्वतःच्या हातांनी तयार केली. सामान्य लोकांना समजावे म्हणून बंगाली मासिकांतून ते विज्ञानावर लेख लिहू लागले.

१९१६ साली त्यांचे नशीब उघडले. कलकत्ता विद्यापीठाचे नेतृत्व करणारे सर आशुतोष मुखर्जी माणसांचे मोठे पारखी होते. विद्यापीठाच्या नव्या विज्ञान कॉलेजसाठी ते हुशार तरुण शोधत होते. त्यांनी शिशिरकुमारांना बोलावून घेतले. त्याच सुमारास मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तरुणही तेथे आले. थोड्याच दिवसांत चंद्रशेखर वेंकट रामन हेही आले. एका छताखाली इतके बुद्धिमान लोक पुन्हा क्वचितच जमले असतील. शिशिरकुमारांनी रामन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रकाशावर काम केले आणि १९१९ साली डी.एस्सी. ही पदवी मिळवली. पुढच्या वर्षी ते पॅरिसला गेले. चार्ल्स फाब्री या नामवंत शास्त्रज्ञाजवळ त्यांनी पुन्हा प्रकाशाचाच अभ्यास केला आणि १९२३ साली तेथील डॉक्टरेट मिळवली. काही काळ त्यांनी मादाम क्युरी यांच्या संस्थेतही काम केले.

आता दोन डॉक्टरेट हाती होत्या आणि दोन्ही प्रकाशशास्त्रातल्या. वय तेहतीस. परत येऊन तोच विषय शिकवत राहिले असते तरी आयुष्य मानाने गेले असते. पण फ्रान्समधील नान्सी या शहरात त्यांनी गुटाँ या प्राध्यापकांची प्रयोगशाळा पाहिली. तेथे रेडिओच्या व्हॉल्व्हवर संशोधन चालू होते. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेला काचेचा छोटा दिवा. आतली तार तापली की तिच्यातून विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. त्यांच्या वाटेत एक जाळी असते. जाळीवरील विजेत थोडासा बदल केला की मागून येणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. अशा रीतीने अगदी क्षीण संदेशही मोठा करता येतो. शिशिरकुमारांच्या लक्षात आले की उद्याचे जग या काचेच्या दिव्याभोवती फिरणार आहे.

त्यांनी नान्सीहून सर आशुतोष यांना पत्र पाठवले. बिनतारी हा विषय विद्यापीठाच्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात घ्यावा आणि त्यासाठी प्रयोगशाळा उभारावी, अशी सूचना त्यांनी केली. त्या वेळी भारतात रेडिओ केंद्रांचे जाळे नव्हते. घरोघरी रेडिओ नव्हता. ज्या गोष्टीचा बाजारात अजून पत्ता नाही, ती एम.एस्सी.च्या वर्गात शिकवा, असे ते सुचवत होते. सर आशुतोष यांनी ही सूचना मान्य केली. शिशिरकुमारांच्या आयुष्यात पुढे मोठमोठे मान आले, पण मला हे पत्रच त्या सर्वांहून मोठे वाटते.

१९२३ च्या अखेरीस ते परतले आणि खैरा प्राध्यापक या पदावर रुजू झाले. काम सुरू होते न होते तोच, मे १९२४ मध्ये सर आशुतोष यांचे निधन झाले. पाठीशी उभा राहणारा माणूस गेला. तरीही शिशिरकुमारांनी आपला बेत सोडला नाही. त्यांनी बिनतारीची प्रयोगशाळा उभी केली आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी तेथे शिकू लागले. प्रयोगशाळेतच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र बसवण्यात आले. त्यावरून कार्यक्रम ऐकवले जात आणि शहरातील हौशी मंडळी कानाला यंत्र लावून ते ऐकत. मुंबई आणि कलकत्ता येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीची केंद्रे १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झाली. म्हणजे कंपनीच्या आधी प्रयोगशाळा हवेत बोलू लागली होती!

याच काळात आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले होते आणि तेथे विज्ञानाचे वर्गही उर्दूतून चालत. त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे करणारा एक खास विभागच होता. इकडे उर्दूत आणि तिकडे बंगालीत, नवे शास्त्र आपल्या माणसांच्या भाषेत आणण्याची धडपड एकाच वेळी चालली होती, हे लक्षात ठेवा.

शिशिरकुमारांचे सर्वांत गाजलेले संशोधन आकाशातील एका अदृश्य छताविषयी आहे. पूर्वी ज्यांच्या घरी रेडिओ असे, त्यांना एक अनुभव येई. दिवसा मीडियम वेव्हवर जवळचीच केंद्रे लागत. रात्री मात्र शेकडो मैलांवरची केंद्रे ऐकू येऊ लागत. तुमच्या दादाजींना विचारा, ते सांगतील. असे का होते?

जमिनीपासून सुमारे साठ-सत्तर किलोमीटरवर गेले की हवा अतिशय विरळ होते. सूर्याची अतिनील किरणे तेथील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या विद्युतभारित भागाला आयनांबर म्हणतात. त्यात एकावर एक थर आहेत. रेडिओच्या काही लहरी या थरांवर जाऊन पुन्हा जमिनीकडे वळतात आणि त्यामुळे डोंगर, समुद्र ओलांडून दूरवर पोचतात. सर्वांत खालचा थर दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर जवळजवळ नाहीसा होतो, लहरींना वरच्या थरापर्यंत वाट मिळते आणि दूरचे केंद्र ऐकू येते.

असे थर असावेत हा अंदाज १९०२ पासून होता. इंग्लंडमध्ये अ‍ॅपलटन यांनी १९२४ साली त्याचा पुरावा मिळवला. पण भारत उष्ण प्रदेशात आहे. येथील ऊन वेगळे, म्हणून येथील आकाशही वेगळे मोजले पाहिजे, असा शिशिरकुमारांचा विचार होता. १९३० साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'ई' या थराचा पुरावा आपल्या देशात प्रयोगाने मिळवला. हा थर साधारण १०० किलोमीटर उंचीवर असतो. लहर वर जाऊन परत यायची म्हणजे २०० किलोमीटरचा प्रवास. लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आता तुम्हीच गणित करून पाहा, तिला किती वेळ लागेल? एका सेकंदाचे पंधराशे भाग केले, तर त्यातला फक्त एक भाग! एवढा सूक्ष्म वेळ ओळखू शकणारी साधने त्या लोकांना जुळवावी लागली होती.

मोबाइलच्या लहरी आयनांबरावरून परतत नाहीत. त्या जमिनीवरच्या मनोऱ्यांमधूनच जातात. मग हा जुना विषय आता कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर नकाशा उघडून तुम्ही कोठे आहात ते पाहता, तेव्हा उपग्रहाचे संदेश याच आयनांबरातून खाली येतात. तेथे त्यांना किंचित उशीर होतो. तो हिशेबात धरला नाही तर नकाशावरचे ठिकाण काही मीटर चुकते. म्हणून बिनतारी दळणवळण शिकणाऱ्याला आयनांबराचा अभ्यास करावाच लागतो. आणखी एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मरण पावली. तेव्हा हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन मदतीला धावून आले. तारा आणि खांब यांचा भरवसा उरत नाही, तेव्हा अशा संचांच्या लघुलहरी आकाशातल्या या छताचा आधार घेऊन दूरवर निरोप पोचवू शकतात.

शिशिरकुमारांनी वरच्या वातावरणावर झालेले सारे संशोधन एकत्र करून एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. 'द अप्पर अ‍ॅटमॉस्फिअर' हे त्याचे नाव. महायुद्धाचे दिवस होते, एवढे जाडजूड शास्त्रीय पुस्तक छापायला प्रकाशक मिळेना. शेवटी मित्र मेघनाद साहा यांच्या खटपटीने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ते १९४७ साली प्रकाशित केले. बघता बघता जगभरातील शास्त्रज्ञ ते वापरू लागले. १९५२ साली दुसरी आवृत्ती निघाली. १९५५ साली रशियन भाषेत त्याचे भाषांतर झाले. ज्या पुस्तकाला छापखाना मिळत नव्हता, त्याच्याशिवाय पुढे या विषयाच्या अभ्यासकाचे पान हलेना.

पण वर्गाचे काय झाले? ते अजून अपुरे होते. बिनतारी हा भौतिकशास्त्राचाच एक भाग म्हणून शिकवला जात होता. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले, तेव्हा व्हॉल्व्हसारख्या वस्तू येथेच बनवता आल्या पाहिजेत हे सर्वांना पटले. देशात रेडिओ संशोधनासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिचे नेतृत्व शिशिरकुमारांकडे आले. १९४४-४५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांचे एक मंडळ इंग्लंड आणि अमेरिकेला गेले. शांतिस्वरूप भटनागर, मेघनाद साहा, नाझीर अहमद आदींबरोबर शिशिरकुमारही त्यात होते. परत आल्यावर त्यांनी स्वतंत्र विभागाचा आग्रह धरला. १९४९ साली कलकत्ता विद्यापीठात रेडिओ भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची स्वतंत्र संस्था सुरू झाली. नान्सीहून पत्र लिहिल्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. पुढे कलकत्त्याजवळ हरिणघाटा येथे आयनांबराची नोंद घेणारे केंद्रही उभे राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अशेषप्रसाद मित्र मोठे शास्त्रज्ञ झाले आणि देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले.

१९५५ साली शिशिरकुमार विद्यापीठातून निवृत्त झाले. तोवर त्यांचे नाव जगभर झाले होते. १९५८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. १९६२ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले. पण निवृत्तीनंतरची वर्षे त्यांनी कोणत्या कामात घालवली? पश्चिम बंगालच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचे प्रशासक म्हणून! दहावीच्या मुलांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा या गोष्टींकडे आकाशाचे थर मोजणारा हा शास्त्रज्ञ लक्ष देऊ लागला. १३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतातील मोबाइल फोनवरचे पहिले संभाषण झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी ते कलकत्त्याहून दिल्लीला केले. चंद्रावरील एका विवरालाही शिशिरकुमारांचे नाव दिले आहे. ते चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही आणि आपल्या रेडिओच्या लहरीही तेथे सरळ पोचू शकत नाहीत.